पाल चुकचुकली, पण कोणासाठी?

गेल्या अंकात कथालेखनाविषयीचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच गोष्टीभोवती घुटमळताहेत: कथेत पुढे जे घडणार त्याची चाहूल आधी कशी द्यायची, आणि दिली तर तिचा उपयोग काय. म्हणून या वेळचं सदर त्यालाच देते आहे. दिवाळी अंकांसाठी कथा निवडण्याचं काम मी अर्धं आयुष्य केलं. त्यात एक खोड लागली ती अजून गेलेली नाही. हस्तलिखित हातात आलं की मी आधी शेवटचं पान वाचते, मग पहिलं. लेखकांना हे कळलं की राग येतो. पण पहिल्या पानावरच्या माणसाला शेवटच्या पानावरच्या माणसाची काही खबर आहे का, हे असं वाचल्यावर लगेच दिसतं.

बार्शीहून एक शिक्षिका लिहितात: माझी ‘वाटणी’ ही कथा दोन-तीन ठिकाणांहून परत आली. वडील दवाखान्यात शेवटचे दिवस काढताहेत. थोरला अण्णा रात्रंदिवस त्यांच्या उशाशी असतो, धाकटा पुण्याहून शनिवार-रविवारी येतो. वडील गेल्यावर तेराव्याला अण्णा मृत्युपत्र बाहेर काढतो. त्यावर वडिलांचा अंगठा असतो आणि बागायत सगळी अण्णाच्या नावावर. संपादक म्हणतात, शेवट वरून चिकटवल्यासारखा वाटतो. मी तर पहिल्यापासून चाहूल दिली आहे: टिटवी ओरडते, पाल चुकचुकते, देव्हाऱ्यातला दिवा विझतो. आणखी काय करायला हवं?

बाई, टिटवी, पाल आणि दिवा या तिघांनी मराठी कथेची इतकी इमानेइतबारे चाकरी केली आहे की आता त्यांना पेन्शन द्यायला हवी. त्यांचं काम एवढंच, की काहीतरी वाईट घडणार आहे हे सांगायचं. तुमच्या कथेत वडील दवाखान्यात शेवटचे दिवस काढताहेत. काहीतरी वाईट घडणार हे वाचकाला पालीआधीच कळलेलं असतं. शिवाय अण्णा सज्जन निघाला असता तरी ही पाल चुकचुकलीच असती. म्हणजे तिला अण्णाची काही खबर नाही. संपादकांना शेवट चिकटवलेला वाटला तो त्यामुळे. मृत्युपत्र अचानक आल्याबद्दल त्यांची तक्रार नसावी. मृत्युपत्र काढणारा माणूस आधीच्या पानांवर कुठे भेटलेलाच नाही, ही खरी तक्रार.

आता गंमत बघा. तुमच्या हस्तलिखिताच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे, ते लिहून तुम्ही तशाच पुढे गेलात: ‘अण्णाने वडिलांचे हात ओल्या फडक्याने पुसून काढले.’ सगळी कथा इथे बसली आहे आणि तुम्ही तिच्यावरून चालत गेलात. हे वाक्य जरा थांबून लिहिलं तर काय होतं ते बघू:

‘धाकटा आत आला तेव्हा अण्णा वडिलांचा हात पुसत होता. एकेक बोट धरून, सावकाश. सगळी बोटं झाल्यावर त्याने अंगठा पुन्हा घेतला. नखाच्या कडेने फडक्याचं टोक फिरवलं. वडील कण्हले, तसा थांबला. मग पुन्हा, आणखी हलक्या हाताने. धाकट्याला दारातच अवघडल्यासारखं झालं.’

पहिल्यांदा वाचताना हे काय आहे? सेवा. धाकट्याला लाज वाटते, आपण आठवड्यातून एकदा येतो आणि हा बघा. वाचकही त्याच्याबरोबर शरमतो. तेराव्याला मृत्युपत्र बाहेर आलं की तोच वाचक मनातल्या मनात या दारापाशी परत येतो आणि त्याला कळतं की नखाच्या कडेला शाई होती. इथे ‘जांभळट’ असा एखादा शब्द घालायचा मोह तुम्हाला होईल. घालू नका. शाई दिसली की वाचक पोलीस होतो.

पण मला या परिच्छेदात शाईपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते ‘वडील कण्हले, तसा थांबला.’ बापाला फसवून घेतलेला अंगठा पुसतानाही बाप दुखू नये याची काळजी घेणारा माणूस आहे हा. त्याची माया खोटी नाही आणि त्याचा लोभही खोटा नाही. दोन्ही त्या एका फडक्यात आहेत. तुमच्या आत्ताच्या कथेत अण्णा तेराव्यापर्यंत देवमाणूस आहे आणि तेराव्याला राक्षस होतो. अंगठा पुसणारा अण्णा असा मधूनच बदलत नाही, तो सगळीकडे तोच आहे. चाहुलीने शेवट सांगायचा नसतो. शेवटी जो माणूस दिसणार आहे तो आधीच वावरत होता, एवढं तिने करायचं असतं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. तुमच्या कथेत एकच आहे, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा मुलगा. एखादा वकील वाचक तुम्हाला सोडणार नाही. दुसरा आणा, आणि आणताच आहात तर त्याच्याकडून कामही करून घ्या. तुम्ही लिहिलंय की अण्णा काटकसरी, दवाखान्याच्या कँटीनमधून एकच चहा आणून तो दोनदा पुरवणारा. मग एका शनिवारी धाकट्याला खाटेखालच्या ट्रेमध्ये चार रिकामे कप दिसू द्या. अण्णा, दोन साक्षीदार आणि कागद लिहून आणणारा. धाकट्याला वाटेल, बरं झालं, कोणी भेटायला येऊन गेलं, अण्णाला तेवढीच सोबत. वाचकालाही तेच वाटेल. फक्त कप आणि अंगठा एका पानावर आणू नका, मध्ये बिलं, औषधं, डॉक्टरांच्या फेऱ्या असू द्या.

आणि पाल फारच लाडकी असेल तर ठेवा, पण ती कोणाला तरी ऐकू येऊ द्या. पाल चुकचुकल्यावर कोण जमिनीवर बोटं आपटून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणतं आणि कोण मान वर न करता मेडिकलच्या पावत्यांची बेरीज पुरी करतं, एवढं लिहिलंत तर त्या बिचारीला पहिल्यांदा काही काम मिळेल.

पुण्याहून एक आयटीतले वाचक लिहितात: तुम्ही नेहमी ‘आधी सूचित करा’ म्हणता. पण सूचित केलं की शेवट फुटतो. फ्रेंच लेखक मोपासाँच्या ‘हार’ या कथेचा दबदबा शेवटच्या वाक्यातल्या धक्क्यामुळेच आहे ना? त्यात कुठे चाहूल आहे?

आहे, आणि चांगली ढळढळीत आहे. ज्यांनी ही 1884 सालची कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. शिक्षण खात्यातल्या एका साध्या कारकुनाची बायको, माथिल्द. तिला मंत्र्याच्या घरच्या मेजवानीला जायचंय. ती श्रीमंत मैत्रिणीकडून, मादाम फोरेस्तिएकडून, हिऱ्यांचा हार मागून आणते. मेजवानीहून परतताना हार हरवतो. नवराबायको कर्ज काढून 36,000 फ्रँकचा तसाच दुसरा हार घेऊन परत करतात आणि दहा वर्षं राबून कर्ज फेडतात. शेवटी मैत्रीण भेटते आणि सांगते, अगं, माझा हार खोटा होता, फार तर 500 फ्रँकचा.

आता पुन्हा वाचा. हार हरवल्यावर दोघं डबीवर ज्याचं नाव आहे त्या जवाहिऱ्याकडे जातात. तो वह्या चाळून सांगतो: हा हार मी विकलेला नाही, मी फक्त डबी दिली असणार. म्हणजे हार आणि डबी एका ठिकाणची नाहीत. मोपासाँने उघड्यावर ठेवलं आहे, आणि एकही वाचक पहिल्या वाचनात थबकत नाही, कारण तोवर आपण त्या दोघांच्या जिवाच्या घालमेलीत सापडलेले असतो. त्याआधी मैत्रिणीने हार दिला तोही किती सहज! माथिल्द भीत भीत विचारते, आणि ती म्हणते, हो, दिला की. बदली हार परत केला तेव्हाही मैत्रीण कुरकुरते, उशीर केलास म्हणून, पण डबी उघडून बघत नाही. जिचे खरे हिरे परक्या घरी राहून आलेत ती बाई डबी न उघडता कपाटात टाकेल? आपल्याकडची कुठली मावशी टाकेल?

या झाल्या हाराविषयीच्या खुणा. त्या शेवट प्रामाणिक ठेवतात आणि त्यांचं काम तिथे संपतं. तुम्ही ज्यांच्याकडे बघावं असं मला वाटतं त्या खुणा वेगळ्या आहेत, त्या माथिल्दविषयी आहेत. मेजवानीला फुलं लावून जा असं नवरा सुचवतो, तेव्हा ती म्हणते की श्रीमंत बायकांमध्ये गरीब दिसण्यासारखी दुसरी मानहानी नाही. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं. मेजवानी संपल्यावर नवरा तिच्या खांद्यावर रोजच्या वापरातलं साधं पांघरूण टाकतो. बाकीच्या बायका फरचे कोट चढवताहेत. त्यांच्या नजरेला ते पडू नये म्हणून ती जिन्यावरून पळत सुटते. नवरा म्हणतोय थांब, आत गाडी बोलावतो, बाहेर सर्दी होईल. ती थांबत नाही. हार नक्की कुठे पडला ते कथा सांगत नाही, पण आपल्याला त्या जिन्यावरची तिची घाई विसरता येत नाही. आणि हरवल्यावर? मैत्रिणीला पत्र जातं ते असं की हाराची कडी मोडली, दुरुस्तीला दिलाय. खरं सांगितलं असतं तर मैत्रीण हसली असती आणि कथा तिथेच संपली असती. गरीब दिसायचं नाही हा जो हट्ट फुलं नको म्हणताना होता, तोच दहा वर्षांची खर्डेघाशी आणि भांडीधुणी त्या घरावर लादतो.

नवऱ्याचंही बघा. वाचक त्याच्याकडे सहसा लक्ष देत नाहीत, मला मात्र तो कथेतला सर्वांत नीट रेखलेला माणूस वाटतो. बायकोला पोशाखासाठी 400 फ्रँक हवेत म्हटल्यावर त्याचा चेहरा किंचित उतरतो. तेवढेच पैसे त्याने बंदुकीसाठी साठवलेले असतात. उन्हाळ्यात रविवारी मित्रांबरोबर नांतेरच्या माळावर चंडोल मारायला जायचं त्याच्या मनात असतं. तो देऊन टाकतो, बंदुकीचं बोलतही नाही. पुढे बापाकडून आलेले 18,000 फ्रँक तो तसेच, चकार शब्द न काढता घालतो. 400 देताना दिसलेला माणूस 18,000 देतो तेव्हा आपल्याला मुळीच आश्चर्य वाटत नाही. म्हणून तुम्हाला सांगते, शेवट फुटण्याची भीती हाराविषयी बाळगा. माणसाविषयी बाळगू नका. माणूस कितीही फुटला तरी कथेचं नुकसान होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येणाऱ्या ‘शेवटी डोळ्यांत पाणी येईल’ छापाच्या गोष्टी मी वाचते, हो, वाचते. त्या एकदाच वाचता येतात.

फोंड्याहून एक वाचक विचारतात: चाहूल नेमकी कोणाला लागायची? पात्राला, की फक्त वाचकाला?

तुमचा प्रश्न छोटा आहे पण पत्रांच्या ढिगातला मला सर्वांत आवडलेला. फ्लॅनरी ओकॉनर या अमेरिकी लेखिकेची 1953 सालची एक कथा आहे, ‘चांगला माणूस सापडणं कठीण’. जॉर्जियातलं एक कुटुंब मोटारीने फ्लॉरिडाला सहलीला निघालंय. आजीला फ्लॉरिडाला नाही, टेनेसीला जायचंय. म्हणून ती पेपरातली बातमी मुलाच्या तोंडासमोर नाचवते: मिसफिट नावाचा खुनी तुरुंगातून सुटून फ्लॉरिडाकडेच निघालाय, अशा वाटेवर मी तरी माझी पोरं नेली नसती. कोणी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी मोटारीत सगळ्यांत आधी कोण जाऊन बसतं? आजी. आणि कशी नटून! सून पँट घालून, डोक्याला हिरवा रुमाल गुंडाळून. आजी मात्र निळी गवती हॅट, तिच्या काठाला पांढऱ्या फुलांचा गुच्छ, बारीक ठिपक्यांचा निळा पोशाख, लेस लावलेली कॉलर, गळ्याशी अत्तराची पुडी दडवलेली कापडी फुलं. कशासाठी? तर अपघात झालाच आणि रस्त्यावर मेलेलं कोणी पाहिलं, तर बघणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळावं की ही खानदानी बाई होती.

आपण हसतो. तिथेच लेखिकेने डाव साधलेला असतो. आजी स्वतःच्या मरणाची तयारी करते आहे आणि तिला स्वतःला त्याची गंधवार्ता नाही. ती विचार करते आहे लोक काय म्हणतील याचा. शेवट तर यात आहेच, पण आजी त्याहून जास्त आहे: मरणाहून मरताना कसं दिसू याची चिंता मोठी असणारी बाई. ती मुलाला नको असलेली मांजर टोपलीत लपवून आणते. रस्त्यात एका जुन्या बंगल्याला जायची तिला हुक्की येते, तर नातवंडांना पेटवायला तिथल्या चोरकप्प्याची थाप मारते. आडवाटेला लागल्यावर तिला एकदम आठवतं की तो बंगला या राज्यात नाहीच, टेनेसीत आहे. शरमेने ती दचकते, पायाने टोपलीवरची बॅग हलते, मांजर उडी मारून गाडी चालवणाऱ्या मुलाच्या खांद्यावर, गाडी खड्ड्यात. आणि मदतीला जी माणसं येतात त्यांतल्या एकाला ओळखून ती मोठ्याने म्हणून मोकळी होते, तुम्ही तर मिसफिट! ती गप्प बसली असती तर? खुनी स्वतःच तिला म्हणतो की ओळखलं नसतंत तर तुमच्या सगळ्यांच्याच दृष्टीने बरं झालं असतं.

याच कथेत, गाडी कापसाच्या शेताजवळून जाते तेव्हा मधोमध कुंपण घातलेली पाच-सहा थडगी दिसतात. गाडीत माणसं तान्ह्या बाळासकट सहा. समीक्षकांना ही थडगी फार आवडतात, विद्यार्थी परीक्षेत तीच लिहितात. मला विचाराल तर थडगी हा लेखिकेने वाचकाला मारलेला डोळा आहे, हुशार आहे, पण थडगी तिथे कोणाचीही गाडी गेली असती तरी असतीच. हॅट आजीची आहे. अपघातानंतर त्या हॅटचा काठ मोडून उभा राहतो, फुलं एका बाजूला लोंबतात, आणि मुलाला रानात नेतात तेव्हा तो काठ तिच्या हातात निघून येतो. थडग्यांना पुढे असं काही करता येत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पात्राला चाहूल लागली तर ते सावध होईल. वाचकाला फारच लागली तर तो कंटाळेल. पात्राने स्वतःच्या स्वभावाला धरून काहीतरी साधं करावं आणि आपण काय केलं हे त्याच्या गावीही नसावं. वाचकाला ते आधी स्वभाव म्हणून कळावं, भविष्य म्हणून नंतर.

नाशिकचे एक निवृत्त बँक अधिकारी: रशियन लेखक चेकॉव्हचा बंदुकीचा नियम, म्हणजे पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक असेल तर ती पुढे उडालीच पाहिजे, तो कथेतल्या प्रत्येक वस्तूला लावायचा का?

नको. चेकॉव्हने 1889 च्या एका पत्रात जे म्हटलंय त्याचा रोख असा, की कोणी झाडणार नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर आणू नये. तो फाफटपसारा कापायचा सल्ला आहे. प्रत्येक वस्तूला फोडायचा फटाका समजलात तर कथा सामानाची यादी होईल. बंदूक उडो न उडो, मी लेखकाला एवढंच विचारते की ती भिंतीवर लावली कोणी आणि दर रविवारी तिला तेल कोण देतं. मोपासाँची बंदूक तर विकतही घेतली गेली नाही, तरी केवढी वाजली.

साताऱ्याहून संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक रागावून लिहितात: या सदरात कायम परदेशी उदाहरणं. आपल्याकडे पताकास्थानकाची, म्हणजे एका अर्थाने आलेल्या बोलण्यातून पुढच्या घटनेची सूचना मिळण्याची, चर्चा हजार वर्षांपूर्वी झाली आहे. भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ नाटकातलं ‘उपस्थितः’ आपण विसरलात काय?

गुरुजी, विसरले नाही. आणि भवभूती तर आपल्याच विदर्भातल्या पद्मपूरचा, त्याला सोडून कसं चालेल! नाटकाचा विषय कथेच्या सदरात येतोय, पण इतर वाचकांनी सोसावं, कारण गुरुजींनी काढलेलं उदाहरण माझ्याच कामाचं आहे.

पहिला अंक. सीता रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपी गेली आहे. राम तिच्याकडे बघत म्हणतो, हिचं काय प्रिय नाही? असह्य असेल तर फक्त हिचा विरह. तोच प्रतीहारी, म्हणजे दारावरची सेविका, आत येते आणि म्हणते, ‘देव, उपस्थितः’, महाराज, आला आहे. कोण आला? विरह? राम दचकून विचारतो, आणि कळतं की दुर्मुख नावाचा हेर आला आहे. तो सीतेविषयीचा लोकापवाद घेऊन आला आहे, म्हणजे खरंच विरहच आला आहे. नाट्यशास्त्राच्या अभ्यासकांनी हे उदाहरण डोक्यावर घेतलं, आणि ते घ्यावं असंच आहे. अंगावर काटा येतो.

पण गुरुजी, याच अंकात आधी एक श्लोक आहे. ऋष्यशृंगाच्या आश्रमातून अष्टावक्र येतो, वसिष्ठांचा निरोप सांगतो की प्रजेला राजी राख. त्यावर राम सहज बोलून जातो:

‘स्नेहं दयां च सौख्यं च यदि वा जानकीमपि।
आराधनाय लोकानां मुञ्चतो नास्ति मे व्यथा॥’

प्रेम, दया, सुख, फार काय जानकीसुद्धा, लोकांसाठी सोडताना मला व्यथा होणार नाही. जानकी शेजारी आहे! आणि ती काय म्हणते? दुखावली जात नाही. म्हणूनच तर आर्यपुत्र रघुकुलाचे धुरंधर, असं कौतुक करते. दोन वाक्यांत दोन माणसं पुरी उभी राहिली. त्याच्या मुखातून जे वचन गेलं ते पाळायला लागणार आहे, आणि ‘व्यथा नाही’ हे त्यातलं एकच खोटं ठरणार आहे. पुढचे अंक त्या व्यथेचेच आहेत. तिनेही आपल्या त्यागाला आपल्याच तोंडाने आधीच मान डोलावली आहे. शिवाय आपल्याच आयुष्याची चित्रं बघताना पुन्हा वनात जावं, भागीरथीत उतरावं अशी हौस तीच सांगते, राम लक्ष्मणाला रथ तयार ठेवायला सांगतो, आणि तिला सोडायला जातो तो हाच रथ.

‘उपस्थितः’ हा योगायोग आहे. प्रतीहारी दोन क्षण उशिरा आली असती तर तो साधलाच नसता. ‘जानकीमपि’ हा राम आहे. तुम्ही आयुष्यभर शिकवलंत, तुमच्यापुढे मी काय बोलावं, पण या दोघांतला मला कोणता हवा हे तुम्ही ओळखलं असेलच.

कोल्हापूरची एक विद्यार्थिनी: एका कथेत अशा किती खुणा पुरतात? आणि त्या सुचतात कधी, लिहिण्याआधी की नंतर?

बहुतेक वेळा नंतर. पहिला खर्डा सरळ शेवटापर्यंत लिहून काढ. मग शेवटच्या पानावर तुझ्या पात्राने जे केलंय त्याचं क्रियापद शोध: लपवलं, सोडून दिलं, खोटं बोललं, वाटून टाकलं. आता पहिल्या दोन पानांत जा आणि तेच क्रियापद एखाद्या किरकोळ गोष्टीत त्याच्याकडून करवून घे, जिथे कोणाचं काही बिघडत नाही. जो शेवटी मैत्रिणीचं पत्र लपवणार आहे तो आधी डब्यातला शेवटचा लाडू लपवू शकतो आणि सगळे हसू शकतात. हसणं जमलं तर फारच उत्तम, हसणारा माणूस संशय घेत नाही. किती? एक खरी असली तरी पुरते. तीन झाल्या तर त्यांतली जी तुला सर्वांत हुशार वाटते ती काढ.

जालन्याहून एक नवे लेखक: मित्र मित्राच्या व्यवसायातले पैसे हडप करतो अशी माझी कथा आहे. नाव ‘विश्वासघात’. तुमच्या कचेरीतून उत्तर आलं की पहिल्याच पानावर सगळं कळतं. मी तर पहिल्या पानावर काहीच सांगितलेलं नाही.

पहिल्या पानाच्या वर सांगितलंय! नाव बदला. तुमच्या कथेत तो मित्र दुसऱ्याच्या स्कूटरची चावी न विचारता उचलतो आणि येताना पेट्रोल भरून आणतो, हे मला फार आवडलं. न विचारता घेणारा आणि परत करण्याची मनापासून इच्छा असलेला माणूस. ‘चावी’ असं काहीतरी ठेवा. आणि पाचव्या पानावरचं ते वादळ काढून टाका, त्या दिवशी जालन्यात नुसतं ऊन असू द्या. कथा पुन्हा पाठवा, पण तिकीट लावलेलं उत्तराचं पाकीट जोडू नका. आता होकार-नकार आम्ही ईमेलनेच कळवतो.